आठ दिवसांची बादली

देवानं ही सृष्टी निर्माण केली तेव्हा तिचे किती भाग पाडले याबद्दल शास्त्री-पंडितांत मतभेद असतील, आमच्या साडभाऊंच्या मनात कधीच नव्हते. त्यांच्या मते भाग दोनच. एक, जे 'आमच्याकडे' आहे ते, आणि दुसरं, जे 'आमच्याकडे नाही' ते. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पुण्याकडे नुसतं 'साडू' म्हणतात, पण त्यात आमच्या वऱ्हाडातला भाऊ गळून पडतो, आणि या माणसाच्या बाबतीत तो गळू देणं मला परवडायचं नाही. उभी हयात त्यांनी सरकारी बांधकाम खात्यात इंजिनियर म्हणून काढली, आणि तीही रस्त्यांवर नव्हे, पुलांवर नव्हे, तर इमारतींवर. तहसील, कोर्ट, विश्रामगृह, साहेबांचे बंगले, बाबूंची क्वार्टरं. सरकारची कचेरी कोणतीही असो, तिच्यात बसणारे लोक म्हणजे आपले भाडेकरू आणि आपण घरमालक, अशी त्यांची साधी समजूत होती. कलेक्टर कचेरीतसुद्धा ते भाडं मागायला आल्यासारखे शिरत.

त्यांच्याबरोबर अमरावतीत ऑटोनं फिरणं हा एक अनुभव असे. दोन्ही बाजूंना बोटं दाखवत ते सांगत जात, "हे आमच्याकडे. हे आमच्याकडे नाही. हे अर्धं आमच्याकडे." एकदा एका जुन्या इमारतीच्या भिंतीतून हा एवढा पिंपळ बाहेर आलेला दिसला. साडभाऊ ऑटोत अर्धे उठले, त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी पाटी वाचली आणि सुटकेचा निःश्वास टाकून खाली बसले. "महापालिका हाय," म्हणाले, "वाढू द्या." ऑटोवाला बिचारा पुढे पाच मिनिटं आरशातून त्यांच्याकडे पाहत होता.

त्यांची दुसरी सवय भिंतीवर टिचकी मारण्याची. बोटाच्या पेरानं ठोकायचं, कान लावायचा आणि निकाल द्यायचा: भरीव किंवा पोकळ. लग्नात अक्षता पडायच्या आधी ते कार्यालयाचा खांब ठोकून घेत. माझ्या मुलीसाठी अकोल्याला मुलगा पाहायला गेलो तेव्हा तर त्यांनी कहरच केला. मंडळी पोहे खात होती, मुलाचे वडील शेती किती आणि संत्रा किती हे सांगत होते, आणि हे उठून दिवाणखान्याची भिंत ठोकत ठोकत मुलाच्या खुर्चीपर्यंत पोचले. छताकडे पाहून म्हणाले, "जावईबापू, तुमी जरा इकडे सरका." मी बायकोकडे पाहिलं, बायकोनं जमिनीकडे. मुलगा सरकला, आणि चहा यायच्या आत छताचा पापुद्रा त्या रिकाम्या खुर्चीत येऊन पडला! मुलाच्या आईनं तिथल्या तिथे होकार दिला. पोराचं डोकं वाचवणाऱ्या घराण्याला नाही कोण म्हणेल?

पण खात्याची खरी शिस्त पाहायची तर त्यांच्या घरी राहायला जायला हवं. सरकारी इमारतीत भिंत एका शाखेची आणि वीज दुसऱ्या शाखेची, हे तुम्हांला माहीत नसेल. मलाही नव्हतं, अकोल्याच्या मे महिन्यात त्यांच्या क्वार्टरमध्ये मुक्काम करेपर्यंत. अकोल्याचा मे! रात्री गादीला हात लावला तर पोळतो. पंखा बंद. मी म्हटलं, "भाऊसाहेब, पंख्याचं काही करा हो." ते म्हणाले, "पंखा विद्युतवाल्याइचा हाय. आमचा फक्त हुक." मग स्टुलावर चढून त्यांनी तो हुक हलवून पाहिला आणि खाली उतरून मला धीर दिला, "हुक एकदम पक्का हाय. बेफिकीर झोपा." तो न फिरणारा पंखा माझ्या अंगावर पडणार नाही या आनंदात मी सकाळपर्यंत घामात पोहत पडलो होतो. सकाळी आमच्या ताईंनी, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवतींनी, सूड उगवला. साडभाऊंनी चहा मागितला तेव्हा त्या आतूनच म्हणाल्या, "अगोदर मागणीपत्र द्या. मग अंदाजपत्रक करू. मंजुरी आली की पाहू." साडभाऊ मात्र मान हलवून म्हणाले, "बरोबर हाय तिचं."

या हसऱ्या माणसाच्या काळजात एकच सल होता, आणि तो चांदूर रेल्वे या गावी होता. नोकरीची पहिली नेमणूक तिथली. रुजू झाले त्याच दिवशी एका जुन्या दगडी कचेरीतली गळती पाहायला त्यांना पाठवलं. जुन्या कागदपत्रांची खोली, कपाटांना लागून धार. तिथल्या नामदेव नावाच्या तरण्या शिपायानं विचारलं, "साहेब, खाली काही ठेवू का?" साडभाऊ तेव्हा बावीस-तेवीसचे, अंगात नवी नोकरी. म्हणाले, "बादली ठेव. आठ दिवस ठेव. आठ दिवसांत मी हे बंद करतो." नामदेवनं घरून बादली आणून ठेवली.

ती बादली तिथंच राहिली. साडभाऊंची बदली अकोटला झाली, अकोल्याला झाली, अमरावतीला झाली, केस पांढरे झाले, पोरं शिकून नोकरीला लागली, पण चांदूरचा कोणी भेटला की हमखास विचारी, "काय साहेब, आठ दिवस झाले का?" आणि यांचं तोंड एवढंसं होई. कारण गळती कुठून येते हे त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. कचेरी एक, पण मधल्या भिंतीपलीकडचा अर्धा भाग कोण्या काळी दुसऱ्या एका खात्याकडे गेला होता. त्या खात्याचं नाव साडभाऊ घेत नसत, नुसतं 'पलीकडचे' म्हणत, म्हणून मीही घेत नाही. दोन छपरं जिथं मिळतात तिथल्या पन्हळीचा पत्रा पलीकडच्या बाजूला फाटला होता. पाणी शिरायचं पलीकडे आणि गळायचं अलीकडे. यांनी पलीकडच्यांना लिहिलं की गळतीचं मूळ तुमच्या हद्दीत आहे. पलीकडच्यांनी उत्तर दिलं की आमच्या हद्दीत थेंबही गळत नाही, सबब दुरुस्तीचं कारण दिसत नाही. आणि गंमत म्हणजे दोघांचंही खरं होतं. "भाऊसाहेब, वीतभर पत्रा टाकून द्या ना तिकडे," मी कितीदा म्हटलं. त्यावर ते मी चोरीच सुचवल्यासारखे दचकत. "वकीलसाहेब, कोर्टात वकिली करता तुमी, आणि असं बोलता? ते छप्पर आमच्याकडे नाही!"

शेवटची नेमणूक पुन्हा चांदूरलाच आली. निवृत्तीचा महिना सरत आला, आभाळ भरून येऊ लागलं, आणि हा खुशालचेंडू माणूस जेवेनासा झाला. ताईंचा मला फोन. "तुमी तरी समजवा. म्हणतात, मी आठ दिवसांचा शब्द देऊन बसलो, आता माह्याकडे आठच दिवस उरले."

त्या रविवारी सकाळी ते माझ्या दारात उभे. हातात पत्र्याची गुंडाळी, डांबराचा डबा. "चाला," म्हणाले. बडनेऱ्याहून गाडी धरली. चांदूरला नामदेव किल्ली घेऊन उभाच होता, तोही आता पिकला होता. शिडी लागली. साडभाऊंनी खिशातला पेन काढून माझ्या हातात दिला. "धरा. हा हापिसातला हाय, आन् हे काम हापिसाचं नाही." मग चपला काढल्या आणि साठीला टेकलेला तो माणूस कौलांवर चढला. अलीकडचं छप्पर सरसर ओलांडलं आणि पन्हळीशी येऊन थांबला. एक पाय उचललेला, तो तसाच हवेत.

"काय झालं?" मी खालून ओरडलो.

"वकीलसाहेब, मी अतिक्रमण करून राहिलो!"

"अहो करा ना बाप्पा लवकर! शिडी हालून राहिली!" माझ्याही तोंडून शुद्ध वऱ्हाडी निघाली.

त्यांनी पाय टाकला. दहा मिनिटांचं काम होतं. दहा मिनिटांचं! उतरले तेव्हा हात डांबरानं काळे आणि डोळे लाल. परतताना गाडीत बडनेरा आल्यावर म्हणाले, "हे कोणत्याच कागदावर येणार नाही बरं." महिनाअखेरीस नारळ, शाल घेऊन ते निवृत्त झाले. भाषणात कोणीतरी विनोदानं आठ दिवसांचा उल्लेख केला, लोक हसले, आणि साडभाऊ नारळाकडे पाहत बसले. मला उठून ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण त्यांनी माझा हात दाबून धरला होता.

पुढे श्रावणात पेन्शनच्या एका सहीसाठी आम्ही चांदूरला गेलो. सकाळपासून पाऊस असा की समोरचं दिसेना. साडभाऊ सहीचं काम विसरून थेट त्या खोलीकडे. दारातल्या नव्या बाबूनं अडवलं, "काय काम हाय, आजोबा?" ते गोंधळले, आयुष्यात पहिल्यांदा त्यांना सरकारी इमारतीत काम विचारलं गेलं होतं. तेवढ्यात नामदेव धावत आला आणि आम्हांला आत घेऊन गेला.

छप्पर कोरडं. कपाटं कोरडी. बाहेर धो धो, आत टिपूस नाही. आणि कपाटाशी ती बादली, पोचे पडलेली, ठणठणीत कोरडी.

"नामदेव," साडभाऊंनी विचारलं, "ही काहून ठेवली अजून?"

"साहेब, कागदावर गळती चालूच हाय. मागच्याच हप्त्यात पलीकडच्याइचं पत्र आलं, तपासून कळवतो म्हने." नामदेव हसला आणि मग हसू आवरून सरळ उभा राहिला. "आन् बादली तुमी ठेवाले सांगतली होती. तुमी सांगतल्याशिवाय मी कशी काढू? सांगा, काढू का?"

साडभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग नामदेवला म्हणाले, "मी आता कोण सांगणारा, गा?"

"तुमीच सांगा साहेब. झाले ना आठ दिवस?"

साडभाऊंनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि अगदी जुन्या, घरमालकी आवाजात म्हणाले, "काढ."

नामदेवनं बादली उचलली. खालच्या फरशीत इतक्या वर्षांचा गोल खड्डा पडला होता. साडभाऊ गुडघ्यावर बसले आणि सवयीनं त्या फरशीवर टिचकी मारून कान लावला.

"पोकळ हाय," म्हणाले, "बदलावी लागते." मग माझा हात धरून हळूहळू उठले, खोलीभर एकदा नजर फिरवली आणि हसून म्हणाले, "पण आता ते आमच्याकडे नाही."