ओरिन ट्वेटची गाडी किती पेलते

साउथ डकोटातल्या त्या गावात ओरिन ट्वेटला सगळे ‘काट्यावरचा ओरिन’ म्हणत. गावाबाहेर धान्याची उंच कोठारं आहेत. तिथल्या वजनकाट्याच्या खिडकीत त्याची सगळी नोकरी झाली. गव्हाचा भरलेला ट्रक काट्यावर चढायचा, रिकामा होऊन पुन्हा चढायचा, आणि ओरिन दोन आकड्यांतली वजाबाकी खिडकीतून सांगायचा. त्यावर कुणी हुज्जत घालत नसे. “ओरिनसमोर पोट आत घेऊन काही उपयोग नाही,” असं शेतकरी म्हणत.

निवृत्त झाल्यावर त्याने आणि लव्हॉनने घर विकलं. यापुढे हिवाळा बर्फात काढायचा नाही, ॲरिझोनाला जायचं, असं दोघांचं कधीचं ठरलेलं होतं. ओरिनने चाकांवरचं घर घेतलं. पिकअपच्या मागच्या हौद्यात मान टेकवून चालतो तसला, लांबलचक ट्रेलर. पिकअपही नवी घेतली. ती चौदा हजार पौंड ओढते, असं विकणाऱ्याने सांगितलं. ट्रेलर सामानासकट साडेतेरा हजारांच्या वर जाणार नव्हता. ओरिनने मनात वजाबाकी केली आणि सही केली.

मग सामान आलं. लव्हॉनची एकेक वस्तू तो न्हाणीघरातल्या काट्यावर चढवू लागला. जड म्हणून जॅमच्या बरण्या गेल्या. तिच्या आईचा बिडाचा तवा गेला. शेवटी गोधड्या शिवायचं मशीन उरलं. जुनं, लोखंडी. चर्चच्या तळघरात गुरुवारी बायका निर्वासितांसाठी गोधड्या शिवत. तिथे राहिलेलं काम लव्हॉन घरी त्या मशीनवर पुरं करायची.

“हे नाही जमायचं,” ओरिन म्हणाला.

“मी अगदी मागच्या कोपऱ्यात ठेवीन. तुझ्या पायात येणार नाही.”

“लव्हॉन, वजन हा माझा विषय आहे.”

मशीन चर्चच्या तळघरात गेलं.

ऑक्टोबरात दोघं निघाली. नेब्रास्कात शिरेपर्यंत संध्याकाळ झाली. समोरून येणारे ट्रक दिव्यांची उघडझाप करत होते. त्या भागात समोरून येणाऱ्याला स्टीअरिंगवरची दोन बोटं उचलून नमस्कार करायची रीत आहे. ओरिन प्रत्येकाला बोटं उचलत होता.

“ओळखीचे आहेत का सगळे?” लव्हॉनने विचारलं.

“इकडची माणसं सभ्य आहेत.”

“त्या शेवटच्याने हॉर्न वाजवला. रागावल्यासारखा वाटला मला.”

“ट्रकचे हॉर्न तसेच असतात.”

मुक्कामाच्या तळावर त्याने गाडी ट्रेलरला जोडलेलीच ठेवली. शेजारच्या ट्रेलरमधून एक बाई कुत्रा फिरवायला निघाली होती. ट्वायला तिचं नाव. नवरा गेल्यापासून ती एकटीच आपला ट्रेलर ओढत हिंडायची. ओरिनच्या पिकअपपाशी ती थांबली. पिकअपची मागची बाजू खाली बसली होती आणि नाक वर झालं होतं.

“तुमची गाडी चांदण्या मोजतेय,” ती म्हणाली. “समोरच्यांचे डोळे दिपवत आलात वाटतं. किती पेलते ही?”

“चौदा हजार.”

“ते ओढायचं झालं. पाठीवर किती पेलते?”

ट्वायलाने त्याला दार उघडायला लावलं. दाराच्या चौकटीवर पिवळी पट्टी चिकटवलेली होती. माणसं आणि सामान मिळून तेवीसशे पौंड.

“असल्या ट्रेलरचा पाचवा हिस्सा गाडीच्या पाठीवर बसतो. आता करा हिशेब.”

“मी जन्मभर वजनकाट्यावर होतो, बाई.”

“मग उद्या चढा काट्यावर.”

सकाळी लव्हॉन कपडे धुवायला गेली. डिझेल भरून येतो, असं सांगून ओरिन ट्रेलरसकट तसाच निघाला. जवळच धान्याची कोठारं होती. खिडकीत एक तरुण मुलगी बसली होती. त्याने आधी ट्रेलरची चाकं काट्याबाहेर ठेवून पिकअप तोलली. मग आवारात ट्रेलर सोडून नुसती पिकअप तोलली.

“फरक सव्वीसशेचा,” मुलगी म्हणाली. “पहिल्यांदाच ओढताय का?”

“हो,” ओरिन म्हणाला. आपण कोण ते त्याने सांगितलं नाही.

गाडीत बसून त्याने हिशेब केला. पिकअपच्या पाठीवर सव्वीसशे, पट्टीवर तेवीसशे. ट्रेलर पुरता रिकामा केला तरी त्याचा पाचवा हिस्सा बावीसशे होत होता. वर जोडणीचं लोखंड, वर ती दोघं. एक बरणी न भरताही हा ट्रेलर या पिकअपचा नव्हता. त्याच्या काट्यावर ट्रक अख्खा चढायचा. कुठल्या चाकावर किती आलं, हे त्याला कधी कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यानेही कुणाला विचारलं नव्हतं.

ट्रेलर पुन्हा जोडताना त्याने त्याचा पुढचा कप्पा उघडला. आत त्याच्या अवजारांची पेटी होती. बरोबर पिकअपच्या पाठीवर ओझं येतं तिथे. ती त्याने काट्यावर चढवलीच नव्हती. चढवावी असं मनातही आलं नव्हतं.

आसपास कुणी नव्हतं, तरी त्याने कप्पा घाईने लावला.

तळावर लव्हॉन कपड्यांच्या घड्या घालत होती. तो उभ्यानेच सगळं बोलला. गाडीचं, ट्रेलरचं, समोरून चमकणाऱ्या दिव्यांचं. तिने हातातली घडी पुरी केली.

“म्हणजे मशीन असतं काय नि नसतं काय, सारखंच.”

“हो.”

“आणि तुझी पेटी?”

“ती मोजली नाही मी.”

ओरिन पायाखालच्या खडीकडे बघत होता.

“ट्रेलर इथेच ठेवू,” ती म्हणाली. “परत जाऊ. मशीन हौद्यात मावतं.”

“तू तळघरात जाऊन आणशील?”

“मी गाडीत बसेन. गुरुवारी सगळ्या असतात तिथे. त्यांच्याकडे तू मागायचं. आणि का मागतोयस ते सांगायचं. तुझ्या तोंडून.”

त्या बायकांचे नवरे वर्षानुवर्षं त्याच्या काट्यावरून गेले होते. ओरिनने होकारार्थी मान हलवली.

परतीच्या वाटेवर पिकअप हलकी धावत होती. तिचे दिवे रस्त्यावर पडत होते. संध्याकाळी समोरून एक ट्रक आला. त्याने दिवे चमकवले नाहीत. काचेआडून चालकाने दोन बोटं उचलली.

ओरिनचे दोन्ही हात स्टीअरिंगवरच राहिले. लव्हॉनने ते पाहिलं, आणि त्या ट्रकवाल्याला तिनेच हात केला.