अकरावं पोतं

गिरिजावहिनींचा फोन आला तेव्हा माझ्या काखेत नारळ होता. एका मित्राच्या वास्तुशांतीला जेवणं उरकल्यावर मंडळींनी आग्रह धरला, "ते देव दळल्याचं सांगा की!" आणि मला आग्रह करायला कुणाला फार कष्ट पडत नाहीत. पूजेतला एक नारळ उचलला, खांद्यावर टॉवेल टाकला, कंबर वाकवली आणि धनगरवाड्यावरचा म्हातारा बिरूमामा होऊन उभा राहिलो. "पावणं, आमचा देव हितं आलाय का?" पहिला हशा आला, आणि खिशातला फोन वाजला. "भावजी, हे गेले... सकाळी आंघोळीला जातो म्हणाले आणि बसले ते बसलेच." हे म्हणजे मल्लू. ज्याची गोष्ट मी सांगत होतो, ज्यानं तो देव दळला असं मी तीसेक वर्षं गावभर सांगत आलो, तोच मल्लिकार्जुन. समोर माणसं अजून हसत होती. नारळ कुठं ठेवावा हे मला सुचेना. तो काखेत घेऊनच मी रिक्षात बसलो आणि तसाच त्याच्या दारात उतरलो. वहिनींनी माझ्याकडं पाहिलं, नारळाकडं पाहिलं, आणि त्या अवस्थेतही म्हणाल्या, "आजसुद्धा?"

मल्लू गडहिंग्लजकडचा. घरात आईला अव्वा म्हणणारा, रागावला की कानडीत आणि खूश झाला की कोल्हापुरीत बोलणारा. उद्यमनगरात त्याची खनिजं तपासायची छोटी प्रयोगशाळा होती, आणि मी काचेची भांडी विकणारा. ओळख झाली ती भांडणातून. मी दिलेल्या ब्युरेटवरची, म्हणजे आम्ल मोजायच्या काचनळीवरची, एक रेघ जराशी वाकडी आहे म्हणून तो ती परत घेऊन दुकानात आला. मी म्हणालो, "केसाएवढा फरक हाय, मालक." तो म्हणाला, "मग तुमचा एक केस द्या, मोजू." त्या दिवसापासून मैत्री.

पन्हाळ्याच्या पुढं, पश्चिमेकडच्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारांवर, बॉक्साइट निघतं, म्हणजे ज्याच्यापासून ॲल्युमिनियम करतात तो दगड. तरुणपणी मल्लू तिथं नमुने गोळा करायला जायचा. तेव्हा बायका हातोडीनं ढेकळं फोडायच्या आणि नुसत्या रंगावरून चांगला दगड एका पाटीत, लाल जांभा दुसऱ्या पाटीत टाकायच्या. मल्लू म्हणायचा, त्यातली एक म्हातारी दगड जिभेला लावून सांगायची आणि त्याची दोन दिवसांची चाचणी शेवटी तिच्याच बाजूनं बोलायची. पुढं हातोड्या गेल्या, पोकलेन आले, डंपर आले. इकडं प्रयोगशाळेत खलबत्ता गेला आणि क्रशर आला. आम्ल, ब्युरेट, गाळणकागद यांत दोन दिवस घालवून मिळणारा आकडा शेवटी क्ष-किरणांच्या यंत्रातून चहा गार व्हायच्या आत पडायला लागला. माझा धंदा बसला म्हणून मी त्या यंत्राला शिव्या दिल्या. मल्लू मात्र दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत जाऊन ते बघून आला आणि लहान मुलासारखा टाळ्या वाजवत सांगत बसला.

एक गोष्ट मात्र शेवटपर्यंत बदलली नाही. दगड दळला की त्या पिठाचा ढीग करायचा, तो चपटा करायचा, त्यावर फुली मारून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेल्याचा पुन्हा ढीग, पुन्हा फुली... असं करत शेवटी मूठभर पीठ राहतं. त्यातलं थोडं चाचणीला, थोडं कागदाच्या पुडीत राखीव. पोतंभर दगडाचं खरं त्या मुठीत उतरतं, असा त्याचा विश्वास. ही सवय त्याच्या हाडात गेली होती. संध्याकाळी दुकानात भडंग आणलं की वर्तमानपत्रावर ओतून तो त्याचा ढीग करायचा, चपटा करायचा, फुली मारायचा आणि म्हणायचा, "समोरासमोरचे दोन तुझे. टाकायचेच असतात."

आता ती सकाळ. मी गाळणकागद द्यायला गेलो होतो. सड्यावरून जीपमधून नमुन्यांची पोती आली होती. दहा यायची होती, अकरा आली. अकराव्याला चिठ्ठी नव्हती. दुसरा कुणी असता तर त्यानं फोन केला असता. मल्लूचा नियम असा की फाटकाच्या आत आलेली कुठलीही गोष्ट नंबराशिवाय राहता कामा नये. त्यानं पोत्यावर खडूनं ११ लिहिलं. आत एकच दगड, नारळाएवढा. तो त्यानं नाकाशी नेला आणि म्हणाला, "तेलकट वास येतोय रे ह्याला." मग चहा आला. मग क्रशर सुरू झाला. आत काय घातलं ते मी पाहिलं नाही, कारण माझं लक्ष बिस्किटात होतं. याचा पश्चात्ताप मला आयुष्यभर पुरणार आहे.

तासाभरानं दारात बिरूमामा. अनवाणी, घामानं भिजलेला, हातात दगडांचं पोतं. त्यांच्या देवाच्या जागेवरून खाणीचा रस्ता जाणार होता, म्हणून वाड्यानं देव सड्याच्या दुसऱ्या टोकाला मांडायचं ठरवलं होतं. हलवताना अंगावरचं शेंदराचं कवच गळून पडलं. तेव्हा मोकळ्या देवाला पंचगंगेत आंघोळ घालून मग नव्या जागी बसवायचा, म्हणून मामानं त्याला धुतलेल्या पोत्यात घालून त्याच जीपमधून आणलं होतं. घाटावर पोतं सोडलं तर आत जीपवाल्यानं चाकाखाली लावायला ठेवलेली खाणीतली ढेकळं. "पावणं," तो म्हणाला, "आमचा देव हितं आलाय का?"

क्रशर बंद झाला. मल्लू आत गेला. बराच वेळ गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत एक दगड होता. मामानं तो घेतला, तोलला, अंगठा फिरवला, नाकाशी नेला... आणि थांबला. मल्लूकडं पाहिलं. मल्लू पांढराफटक. मग मामानं दगड कपाळाला लावला आणि म्हणाला, "ह्योच." आणि गेला.

दळला की नाही? मी मल्लूला किती वेळा विचारलं असेल! पहिल्या वर्षी म्हणाला, "तू काचा विकतोस का चौकशी करत फिरतोस?" पुढं एकदा म्हणाला, "न्हाय रे, खुळ्या." एकदा भडंगावर फुली मारता मारता मध्येच हात थांबवून म्हणाला, "दळला असता तर मशीनचा जबडा ऱ्हायला असता व्हय?" आणि मोठ्यानं हसला. मला हवं ते उत्तर मी उचललं. माझ्या गोष्टीत मल्लू देव दळायचा आणि खुळा म्हातारा अंगणातला कुठलाही दगड घेऊन नाचत जायचा. फार चालली ती गोष्ट. मल्लूच्याच लेकीच्या लग्नात मी ती सांगितली तेव्हा तो पंगतीतून उठून गेला. आठ दिवसांनी दुकानात येऊन एवढंच म्हणाला, "तुझ्या नाटकात म्हातारा हसतोय. त्यो हसला नव्हता." मी मान डोलावली आणि बदल केला नाही. हशा तिथंच होता ना.

तेराव्याला धाकू आला. बिरूमामाचा मुलगा, मामा जाऊन बरीच वर्षं झाली. दरसाल जत्रेनंतर मामाकडून मल्लूकडं मध यायचा, तो मामा गेल्यावर धाकू आणायचा. या वेळीही बाटली घेऊन आला होता. ती वहिनींच्या हातात देऊन तो माझ्यासमोर बसला. "काचवालं पावणं तुमीच न्हवं? आमच्या देवाचं सांगता त्ये? पोरांनी कुठल्याशा लग्नात ऐकलं. आता वाड्यावर इचारत्यात, आपला देव त्योच हाय का म्हणून. खरं काय त्ये सांगा." तेरा दिवस मी उभ्या जन्मात बोललो नव्हतो इतकं कमी बोललो होतो. आताही मी वहिनींकडं पाहिलं.

वहिनी उठल्या आणि मल्लूच्या कपाटातून एक बरणी घेऊन आल्या. ती मी ओळखली. काचेच्या घट्ट बुचाची, तीन किलोची, माझ्याच दुकानातली. त्या प्रकारानंतर दोन दिवसांनी मल्लूनं ती नेली होती. "हवासुद्धा आत जाता कामा नये," म्हणाला होता, आणि मी समजलो होतो आम्ल ठेवायला असेल. बूच लाखेनं बंद केलेलं. आत काठोकाठ तांबूस पीठ. बाकी सगळे राखीव नमुने कागदाच्या पुडीत, मूठभर. सहा महिन्यांनी तो ते टाकूनही द्यायचा. ह्या बरणीवर त्याच्या अक्षरात लिहिलं होतं : नमुना ११. पूर्ण. भाग करू नयेत.

मी धाकूला सांगून टाकलं. माझ्या बिस्किटासकट सगळं. आणि शेवटी शहाणपणा केलाच : "आता असलं यंत्र आलंय, की वरच्या देवाचा एक कपचा आणि ह्यातलं चिमूटभर दिलं तर अर्ध्या तासात कळंल, दोन्ही एकच जागचं हाय का न्हाय ते."

"देवाचा कपचा?" धाकू म्हणाला. त्यानं बरणीकडं पाहिलं. "आणि यंत्र न्हाय म्हणलं तर? माझं लगीन त्याच्यापुढं झालं, पोरांची झाली. ती काय परत लावायची?" वहिनींनी पदर तोंडाला लावून हसू दाबलं आणि त्याच पदरानं डोळे टिपले. धाकूनं बुचाच्या लाखेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "बा मरताना म्हणला, कोल्हापूरच्या दगडं तपासणाऱ्या मास्तराचं तोंड बघून मला राहवलं न्हाय. काय राहवलं न्हाय त्ये बोलला न्हाय. मला वाटलं तापात बरळतोय." त्यानं दोन्ही तळवे बरणीला लावले, कपाळाला लावले, आणि बरणी माझ्याकडं सरकवली. "वर एक हाय. हितं एक असू दे. सांगायचं तर सांगा, आमी कोण नको म्हणणार? पण आमचा बा येडा न्हवता, एवढं सांगा."

म्हणून हे लिहिलं. तरी माझा गोंधळ मिटलेला नाही. मामाला त्या एका थांबण्यात सगळं कळलं आणि समोरच्या माणसाचं तोंड बघून त्यानं दुसरा दगड देव म्हणून स्वीकारला, असं मी एक दिवस मानतो. दुसऱ्या दिवशी वाटतं, मल्लू तो! माझी जिरवायला दहाव्या पोत्यातली ढेकळं दळून बरणी भरून ठेवायलाही कमी करायचा नाही. पण मग बुचाला लाख कशाला? आणि धाकू म्हणाला तसा, दरसाल जत्रेला सड्यावर जाऊन तो सगळ्यांच्या मागं उभा का राहायचा, पुढं का जायचा नाही? मी धाकूबरोबर वर जाऊन आलो. देव शेंदरानं असा माखलाय की आतला दगड दिसायची सोय नाही.

बरणी माझ्या दुकानात आहे, विकायच्या रिकाम्या बरण्यांच्या वरच्या फळीवर. गिऱ्हाईकं किंमत विचारतात, मग आत काय आहे विचारतात, आणि माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे... मी सांगायला बसतो. नारळ मात्र घेत नाही आता. म्हातारा दगड नाकाशी नेतो आणि थांबतो, तिथं मीही थांबतो. पूर्वी तिथं हशा व्हायचा. आता दुकान गप्प होतं, आणि कोणीतरी हळूच विचारतं, "मग दळला का न्हाय?" मी फडकं घेऊन उठतो आणि बरणीवरची धूळ पुसायला लागतो.