कुंकवाखालची पेन्सिल

आमच्या साहेबांना येत्या महिन्यात ऐंशी वर्षं पूर्ण होतात. त्यानिमित्त चेन्नईतली मराठी मंडळी त्यांचा सत्कार करणार आहेत आणि एक स्मरणिका काढत आहेत. समितीतल्या एका बाईंचा मला फोन आला. "काका, तुम्ही त्यांच्याबरोबर बावीस वर्षं काम केलंत. दोन पानं लिहा ना. थोडं हलकंफुलकं चालेल."

मी हो म्हणालो. इतक्या झटकन म्हणालो की बाईंना बरं वाटलं असावं. त्यांना काय कल्पना, मी या फोनची किती वर्षं वाट पाहत होतो.

तर ही ती पानं. दोनाच्या वर झाली आहेत. साहेबांचा उल्लेख मी आदरार्थीच करणार आहे. ती सवय या वयात जात नाही म्हणून, आदर उरला आहे म्हणून नव्हे.

आमचं ऑफिस वेस्ट मांबलममध्ये, एका भांड्यांच्या दुकानावर होतं. पोलादी शेड, गोदामं, कारखान्यांची छपरं यांची डिझाइन आम्ही करत असू. साहेब मालक. मी त्यांच्या हाताखालचा इंजिनियर, इतरांची गणितं तपासणारा. ड्रॉइंग काढायला अण्णा. अण्णा तंजावरकडच्या मराठी घरातले, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. त्यांची मराठी ऐकून मी सुरुवातीला हसायचो. 'येतों', 'करितों' असं जुन्या पोथीतलं बोलणं, वर तमिळ हेल आणि मध्येच तमिळ शब्द. महिन्याभरात हसणं थांबलं, कारण त्यांचं ड्रॉइंग पाहिलं. कागदावर खांब उभा केला की तो खरोखर कुणाचा तरी भार घेऊन उभा आहे असं वाटायचं. ते इंजिनियर नव्हते. अकरावीनंतर आयटीआय केलेलं. पण छपराचं वजन कैचीवर, म्हणजे त्याखालच्या पोलादी सांगाड्यावर, कैचीचं खांबावर, खांबाचं पायावर कसं उतरतं, हे त्यांना बोटांनी कळत असे.

पंचवीसएक वर्षांपूर्वी आमच्याकडे एन्नोरचं काम आलं. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर एक मोठं गोदाम. गोदामाच्या मालकाला दसऱ्याच्या मुहूर्तावर ड्रॉइंग हवी होती. साहेबांनी सोपा रस्ता काढला. वर्षभरापूर्वी आम्ही शहराच्या पश्चिमेला, आत, झाडा-घरांच्या गर्दीत असंच एक शेड केलं होतं. तीच रुंदी, तीच उंची. त्याचीच आकडेमोड उतरवून घ्या म्हणाले.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. लोकांना वाटतं, शेड म्हणजे वरचं वजन खाली पडू नये एवढंच बघायचं. पत्र्याचं छप्पर इतकं हलकं असतं की त्याला पडण्यापेक्षा उडण्याची भीती जास्त. वारा छपरावरून जाताना त्याला वर ओढतो. आणि शेडची एक बाजू उघडी असेल तर वारा आत शिरून खालूनही ढकलतो. तेव्हा पोलादाचं वजन हे ओझं राहत नाही, ते आपल्या बाजूने लढतं. ते पुरेसं नसेल तर खांबाला जमिनीत धरून ठेवणारे पायाचे बोल्ट, तेवढाच आधार. आधीचं शेड चारी बाजूंनी बंद होतं, त्याला प्रत्येक खांबाला दोन बोल्ट पुरले. एन्नोरचं शेड ट्रक आत यावेत म्हणून एका बाजूने सबंध उघडं होतं. ती बाजू समुद्राकडे.

हे पहिल्यांदा अण्णांच्या लक्षात आलं. माझ्या नाही.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ते आकडेमोडीचा कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले. "सर, एक संदेह. समोर समुद्र आहे न्हवें? भिंती तीनच. वारा भितर आला, मग जाईल कुठं पा? छपरास उचलीलच की. बोल्ट दोनच कसे?"

मी त्यांना घेऊन साहेबांकडे गेलो. साहेबांनी मान वर केली नाही. "अण्णा, तुम्ही रेघा मारा. वारा आम्ही बघतो."

"वारा बघतां?" अण्णा म्हणाले. "मला तर आजवर दिसला नाहीं, सर."

मी हसलो. साहेब हसले नाहीत. अण्णा जागेवर गेले आणि त्यांनी कागदाच्या उजव्या कोपऱ्यात, 'तपासले' या चौकटीच्या अगदी कडेला, पेन्सिलीने प्रश्न लिहिला. इंग्रजीत, ड्राफ्ट्समनच्या त्या उभ्या मोठ्या अक्षरांत: एक बाजू उघडी, समुद्राकडे, बोल्ट दोन पुरेसे? तो कागद त्यांनी परत साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी प्रश्नाखाली हिरव्या शाईत लिहिलं: मागच्या कामाप्रमाणे. हिरवी शाई ऑफिसात फक्त तेच वापरत.

मी ठरवलं होतं की संध्याकाळी बसून वाऱ्याचं गणित नव्याने करायचं. तासाभराचं काम. पण दुपारी चारला आयुधपूजेची तयारी सुरू झाली. टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, कॅल्क्युलेटर, पेनं, सगळं पुसून देवीपुढे मांडलं. हातातल्या कामाचे कागदही तिथेच ठेवायची आमच्याकडे पद्धत होती. साहेब स्वतः प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात चंदन आणि त्यावर कुंकवाचं बोट लावत. एक पान सुटत नसे. नवमीला कशालाही हात लावायचा नाही. दसऱ्याच्या सकाळी साडेनवाच्या मुहूर्तावर कागद उचलले, आणि साहेब म्हणाले, "सही कर. गोदामवाल्यांचा माणूस खाली उभा आहे."

मी 'तपासले'च्या चौकटीत सही केली. प्रसादाचे चुरमुरे अजून तोंडात होते.

पुढल्या वर्षाच्या अखेरीस वादळ आलं. ते काही फार मोठं नव्हतं. एन्नोरची कोळ्यांची घरंसुद्धा बरीचशी राहिली. आमचं शेड राहिलं नाही. रविवार असल्याने आत कुणी नव्हतं, हे आमचं नशीब. आम्ही गेलो तेव्हा खांब पायातून उपटून आडवे पडले होते आणि पत्रे खाडीत. मी खाली बसून एक तुटका बोल्ट हातात घेतला. आट्यांजवळ तो बारीक झाला होता, ओढून लांबवलेल्या गुळाच्या पाकासारखा. चांगलं पोलाद असंच तुटतं. आधी ताणतं, लांबतं, कमरेत बारीक होतं, शेवटपर्यंत धरून बघतं, आणि मग तुटतं. माल खोटा नव्हता. त्या दोन बोल्टांनी चौघांचं काम करून पाहिलं होतं.

साहेबांनीही तो बोल्ट पाहिला. त्यांना वाचायला माझ्यापेक्षा कमी वेळ लागला.

सोमवारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर एक नवा कागद होता. तीच आकडेमोड, शेवटी मात्र चार बोल्ट. "अण्णांनी ड्रॉइंगमध्ये दोन कमी दाखवले," ते म्हणाले. "वय झालं त्यांचं. नजर कमी झालीय." मग जुना कागद माझ्याकडे सरकवून, "हा फाडून टाक. आणि यावर सही कर."

"साहेब, त्यांनी विचारलं होतं."

"तू तपासलं होतंस," ते म्हणाले. एवढंच.

मी सही केली. जुना कागद फाडला नाही. घडी घालून खिशात ठेवला. लोक म्हणतील, तेवढी तरी हिंमत दाखवली. हिंमत कसली? उद्या साहेब माझ्यावरच उलटले तर जवळ काहीतरी असावं, म्हणून ठेवला. स्वतःला वाचवण्यासाठी.

चौकशीला आलेल्यांनी फाइल चाळली. त्या फाइलमधल्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात कुंकू होतं, फक्त एका पानावर नव्हतं. कुणाच्याच ते लक्षात आलं नाही. साहेब देवभक्त माणूस, खोट्या कागदाला कुंकू लावायला त्यांचा हात धजला नसेल, असं कुणी म्हणेल. मला विचाराल तर ते विसरले.

अण्णांनी भांडण केलं नाही. माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "सर, तुम्हांस आठवतें न्हवें, मी विचारलों होतों?"

मी समोरच्या कागदाकडे बघत म्हणालो, "अण्णा, किती कामं होती तेव्हा. नक्की नाही आठवत."

"सरी," ते म्हणाले. तमिळमध्ये 'बरं' म्हणतात तसं. आपल्या पेन्सिलींची डबी घेतली आणि जिना उतरले. पुन्हा कुठल्याही ऑफिसने त्यांना ड्रॉइंगला घेतलं नाही. या शहरात आमचा धंदा छोटा आहे. 'बोल्ट विसरणारा म्हातारा' हे सगळीकडे पोचलं होतं. उरलेली वर्षं त्यांनी एका फोटोफ्रेमवाल्याकडे चौकटींची मापं घेत काढली. साहेबांचं ऑफिस तीन मजली झालं. मीही त्यात दहा वर्षं होतो.

दोन वर्षांपूर्वी अण्णा गेले. तेराव्याला त्यांची मुलगी माझ्याशी चांगलं वागली, तेच मला सोसलं नाही. "मामा, अप्पांची एक चूक झाली, पण तुम्ही आलात," ती म्हणाली. तिलाही तेच माहीत होतं. अण्णा घरात काही बोलले नसावेत. किंवा बोलले असतील आणि कुणी मानलं नसेल.

म्हणून स्मरणिकेचा फोन आल्यावर मी आधी कपाटातून तो कागद काढला आणि सिरुसेरीला गेलो. अण्णांची मुलगी तिथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करते, दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधते. कँटीनमध्ये मी तिच्यापुढे कागद ठेवला आणि सगळं सांगितलं. साहेबांचं सगळं, रंगवून. रागाला एक चव असते, आणि मी ती इतकी वर्षं साठवली होती. माझ्याबद्दल मात्र मी म्हणालो, "माझी सही आधीच झालेली होती. त्यानंतर अप्पांनी प्रश्न लिहिला."

तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ. कॉफीवर साय धरली.

"मामा," ती म्हणाली, "अप्पांची पेन्सिल कुंकवाच्या खाली आहे. हिरवी शाई पण खाली. बघा, कुंकू वरून पसरलंय."

"हो ना. तेच तर म्हणतोय."

"तुमची सही कुंकवाच्या वर आहे." तिने नखाने दाखवलं. "इंक कुंकवात फुटलीय. म्हणजे पूजेनंतर केली. वाचून केली."

तिने रडावं, ओरडावं असं मला वाटलं. तिने फोनवर त्या कोपऱ्याचा फोटो काढला, मोठा करून पुन्हा पाहिला, आणि बापाच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "अम्माला शेवटपर्यंत वाटायचं, अप्पांचे डोळे गेले होते. डोळे ठीक होते त्यांचे."

"मी हे छापणार आहे. साहेबांच्या कार्यक्रमात."

"छापा. पण अर्धं नको, मामा. तुम्हाला त्यांना मारायचंय, मारा. अप्पांना तुम्ही दोघांनी मारलंय. अप्पांचं अक्षर मोठं दिसलं पाहिजे, आणि तुमची सही कट करायची नाही."

निघताना तिने मला बसपर्यंत सोडलं नाही. तेराव्याला सोडलं होतं.

तर समितीच्या बाई, हा माझा लेख. सोबत त्या कोपऱ्याचं मोठं केलेलं छायाचित्र आहे. त्यात पेन्सिल, हिरवी शाई, कुंकू आणि सही असं सगळं आहे, काही झाकलेलं नाही. वाऱ्याचं गणितही जोडलं आहे. ते मी गेल्या आठवड्यात केलं. ताससुद्धा लागला नाही. उत्तर चार बोल्ट.

जागा अपुरी आहे, प्रसंग मंगल आहे, असं तुम्ही म्हणाल. हरकत नाही. मी प्रती काढून ठेवल्या आहेत. त्या दिवशी मी लवकर येईन आणि सभागृहातल्या प्रत्येक खुर्चीवर एक ठेवीन. साहेबांच्या खुर्चीवर ठेवणार नाही. त्यांना हातात देईन, चष्मा लावेपर्यंत थांबेन. अण्णांची मुलगी येणार आहे. तिला पहिल्या रांगेत जागा ठेवा. मला कुठेही चालेल, साहेबांचा चेहरा दिसेल एवढं बघा.

आणि साहेब, तुम्ही हे वाचत असाल तर, माझी सही ओळखायला तुम्हाला वेळ लागणार नाही. कुंकू आता तपकिरी झालंय. तुमची शाई अजून हिरवीच आहे.