काचेतली फुलवाली

सन एकोणीसशे अठ्ठावन्न. मी सव्वीस वर्षांचा, कानडी मुलखात, यशवंतपुरात एका कारखान्यात हातोडा मारायचो. शाळा दुसरीपर्यंत. पण कुणाचं ऐकून घ्यायची सवय नव्हती, ती आजही नाही.

शेजारच्या खोलीत एक बाई एकटी राहायची. बेळगावकडची, आमच्याच बोलीची. नवऱ्यानं सांडशी तापवून पाठीवर डाग दिले, तेव्हा पळून आलेली. हे ठाऊक फक्त माझ्या आईला आणि मला. बाजाराच्या तोंडाशी ती मोगऱ्याच्या माळा विकायची, हातानं मापून. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक मोळ. मला अण्णा म्हणायची.

एके दिवशी गल्लीतल्या बायका हसत आल्या. "अगं अक्का, स्टेशनसमोरच्या स्टुडिओत तू लागलीयस! काचेत! साक्षात देवी दिसतेस!" एकीनं तर काचेला हळदकुंकूही वाहिलं होतं. तिच्या हातातली माळ गळून पडली.

मी जाऊन पाहिलं. हातभर मोठा फोटो, हनुवटीवरचं गोंदणसुद्धा स्पष्ट. बेळगावकडच्या गाड्या सगळ्या इथं थांबतात. उतरलं की समोर तीच काच.

"काढा तो," मी फोटोवाल्याला म्हणालो.

"लोक कुंकू लावतात, आणि मी काढू? रस्त्यावर बसली होती, रस्त्यावरून टिपली. चोरी केली का?"

"तिला विचारलं होतं?"

"विचारलं असतं तर तोंडावर पदर ओढला असता. मग फोटो कसला? तू तिचा कोण?"

शेजारी म्हटलं असतं तर तिचं घरच दाखवल्यासारखं झालं असतं.

"फोटो तुमचा असेल. तोंड तिचं आहे."

"स्वल्प बाजूला हो, गिऱ्हाईक आलंय."

बाहेर एक फेटेवाला काचेला नाक लावून उभा होता. त्यानं बोटानं त्या गोंदणावर टकटक केलं. मग वहाणा करकरवत आत आला. आवाज अगदी गोड. "मालक, ही बाई कुठं बसते हो?"

"बाजाराच्या तोंडाशी! रोज सकाळी!" फोटोवाला खूश.

"बरं झालं सांगितलंत. उद्या मोगरा घेतो."

घरी येऊन तिला सांगितलं. फेटा आणि करकरत्या वहाणा म्हणताच ती म्हणाली, "तोच तो, माझा नवरा." आईनं तिला आमच्या खोलीत घेतलं, कडी लावली.

"अण्णा, मी दुसऱ्या गावाला जाते."

"जाशील कशी? गाडी त्याच स्टेशनातून सुटते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर गेलो नाही. तिची टोपली उचलली आणि तिच्या जागेवर मांडी ठोकून बसलो. बाजारातल्या बायका हसून लोळल्या. "मिशीवाली फुलवाली गं! अण्णा, तुझा हात लांब, आज आमचा फायदा!" मी हसलो नाही. टोपलीखाली हातोडा होता.

वहाणा करकरत आल्या आणि समोर थांबल्या.

"इथं एक बाई बसायची."

मी माळेचं टोक कोपराला लावलं, हात सगळा ताणला आणि त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"आता मी बसतो. किती मोळ देऊ?"