पोटबघ्या

ऑफिसात तिला सगळे वहिनी म्हणत. मालक तिचा धाकटा दीर. तो म्हणे म्हणून बाकीचे पाचजण म्हणू लागले, आणि बघता बघता गिऱ्हाइकंही. नऊ वर्षांपूर्वी ती इथे पत्रं टाइप करायला आली होती. मोबाइलची ॲप बनवायला ती शिकली इतरांच्या पाठीमागे उभी राहून, कुणी न शिकवता. टायरच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्यांत रबराचा वास पडद्यांनाही चिकटलेला असे, आणि बिघडलेलं काहीही शेवटी तिच्याच टेबलावर येई.

त्या सोमवारी टेबलापुढे एक नर्स बसली होती. घरोघर जाऊन इंजेक्शनं देणारी, जखमा बांधणारी. शनिवारी तिने एकोणीस घरं केली, प्रत्येक घराची नोंद यांच्या ॲपमध्ये केली, आणि तिच्या संस्थेकडे त्यातली एकही पोचली नाही.

"चारला आमच्या मोठ्या बाईंचा इथे फोन येईल," नर्स म्हणाली. "मी घरी झोपा काढल्या असं त्यांचं म्हणणं आहे. आज नोंदी दिसल्या नाहीत तर कामावरून काढतील."

"नोंदी फोनच्या पोटात असणारच, सिस्टर. काढते."

फोनच्या पोटातलं दाखवणारं एक साधन होतं. टूल्सची यादी उघडायची, खालून दुसरं. डोळे मिटूनही तिचा हात तिथे जाई. आज गेला, तर पडद्यावर रंगीत फुगे उडाले आणि वर लिहून आलं, 'नवीन काय आहे ते पाहा'.

"भाऊजी, माझ्या मशीनला हात कुणी लावला?"

दीर चहाचा कप घेऊन आतून आला. "काल सगळी अपडेट करून टाकली. एकदम चकाचक."

"मग पोटबघ्या कुठेय?"

"काढला असेल त्यांनी. जुनं झालं की काढतात, वहिनी. नवीन शिका जरा." चहात बुडालेल्या बोटाने त्याने पडद्यावरची नवी खिडकी दाखवली. फुग्यांवर चिकट ठसा उमटला. तिने तो पदराने पुसला.

नव्या खिडकीने नर्सचा जुना फोन ओळखलाच नाही.

मदतीच्या पानांवर शोधायचं, तर कुठल्या नावाने? 'पोटबघ्या' हे नाव दिरानेच कधीतरी चेष्टेत ठेवलेलं. खरं नाव तिच्यासकट सातजणांपैकी एकालाही आठवेना. नव्या माणसांसाठी तिने स्वतः लिहिलेली वही काढली. 'टूल्स, खालून दुसरा, पोटबघ्या.' पानोपानी तेच. माणूस हरवल्यावर पोलिसांना त्याचं लाडाचं नाव सांगत बसावं, तशी गत. स्वतःच्या वळणदार अक्षराची तिला किळस आली.

मग तिने नाव सोडलं आणि कामाचं वर्णन लिहून शोधलं. जगभरच्या लोकांनी त्याच साधनासाठी शिव्या घातल्या होत्या. त्या उपसताना एका कोपऱ्यात उत्तर सापडलं: नाव फक्त यादीतून उडवलंय, साधन अजून डिस्कवरच पडून आहे, अमुक फोल्डरमधून हाताने उघडा. म्हणजे घरातल्या म्हाताऱ्याला मागच्या खोलीत ढकलून पाहुण्यांना तो गेला म्हणून सांगायचं. नाव होतं 'मॉनिटर'. इतकं साधं.

ते उघडलं, आणि एकोणीस नोंदी समोर आल्या. घरं, वेळा, औषधं, सगळं. प्रत्येकीपुढे ॲपने 'पाठवलं' अशी खूण केली होती. पाठवली एकही नव्हती. शुक्रवारी दिराने ॲपमध्ये घाईघाईत केलेल्या बदलाचा हा परिणाम होता.

दीर तिच्या कानाशी वाकला. "हे बाहेर नको. फोन जुना आहे म्हणू. नाहीतरी आहेच."

ती लग्न होऊन आली तेव्हा हा पंधरा वर्षांचा होता. साय खाऊन पातेलं मांजरापुढे सरकवायचा. तेव्हा ती हसली होती, कौतुकाने दुसऱ्यांनाही सांगितलं होतं. त्या हसण्याचीच आता तिला शिसारी आली.

"लांब व्हा जरा," ती म्हणाली. "तोंडाला वास येतोय."

चारला फोन वाजला. दिराने उचलला. "नमस्कार मॅडम. त्याचं काय झालं, तुमच्या सिस्टरचा फोन ना..."

वहिनीने रिसीव्हर त्याच्या हातातून काढून घेतला. "फोन ठीक आहे, बाई. चूक आमच्या ॲपची आहे. सिस्टरनी एकोणीस घरं केलीत, वेळांसकट यादी आत्ताच तुम्हाला पाठवलीय. बघून घ्या, मी थांबते."

पलीकडे माउसची टकटक ऐकू आली. मग बाई म्हणाल्या, "दिसतंय. तिला उद्या नेहमीच्या वेळेला यायला सांगा."

नर्सने फोन पर्समध्ये टाकला. आभार वगैरे काही मानले नाहीत. दाराशी थांबून एवढंच विचारलं, "उद्यापासून परत यातच लिहायचं का?"

दीर हसून पुढे झाला. "अर्थात. आमचं ॲप म्हणजे..."

"कागदावर लिहा, सिस्टर," वहिनी म्हणाली. "मी सांगेपर्यंत कागदावरच."