दुधाणीला आवतण

सुईणआजी झाडाला आवतण दिल्याशिवाय त्याचं पानही तोडत नसे. आदल्या संध्याकाळी जायची, मुळाशी चार तांदूळ ठेवायची आणि नाव घेऊन सांगायची, "उद्या येते गो, तयार राहा." आम्ही सुना पदराआड हसायचो. तिला ते कळायचं, पण तिला त्याचं काही नव्हतं.

मी मुरबाडची. पहिलं बाळंतपण माहेरी झालं. दुसरं सासरी, आटगावला, लढाईच्या दिवसांत. मुलगा झाला, पण अंगावर दूध येईना. तीन दिवस पोर रडलं. मग त्याचं रडणंच कमी झालं. आजी म्हणाली, दुधाणी देते. जमिनीला चिकटून पसरणारं ते तण, तोडलं की पांढरा चीक येतो. दिवस मावळला होता, म्हणून रुळांच्या कडेला दिसली तिलाच तिनं घाईनं तांदूळ ठेवले.

सकाळी आजी रिकाम्या हातानं आली. वाकून, बोटांनी चाचपून बघितलं होतं म्हणे.

"ती आपली नाय. आपलीच्या फळावर सगळीकडं लव असती, हिच्या नुसत्या तीन कडांवर. खडीसंगट आली असंल कुठून तरी."

"दिसते तर तशीच. दे ना."

"जिचा गुण मला ठाऊक नाय, ती तुझ्या पोटात घालू? खरीला आज आवतण देते, उद्या आणते."

म्हणजे आणखी एक दिवस. तुझे तांदूळ गेले खड्ड्यात, असं मी तिला तोंडावर म्हणाले. ती उठली आणि तासाभरात गावकुसाबाहेरच्या तिच्या वाडीवरून आपल्या लेकीला घेऊन आली. लेकीच्या कडेवर सहा महिन्यांचं पोर होतं.

सासूबाई दारात आडव्या. "वाडीवरच्या बाईचा दूध? माझ्या घरात नाय चालायचा."

"घरात नको तर अंगणात पाजंल," म्हणत आजीनं माझ्या मांडीवरून बाळ उचललं. सासूबाईंनी तोंड फिरवलं. पोरगं चुटुचुटु प्यायला लागलं आणि मी ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी खरी दुधाणी आली. चार दिवसांनी मला पान्हा फुटला. तो दुधाणीचा गुण की जीव निवांत झाल्याचा, देव जाणे. तोवर आजीची लेक रोज येत राहिली. सासूबाई तिला भाकरी वाढायच्या, पण बोलायच्या नाहीत.

मुलगा शाळेत जायला लागला त्या वर्षी आजी गेली. वाडीवरून सांगावा आला तेव्हा तो जेवत होता. सासूबाईंनी त्याच्यापुढचं ताट सारलं, त्याचा हात धुतला.

"ऊठ रे," त्या म्हणाल्या, "तुझी आजी गेली."

आणि त्याचं बोट धरून स्वतः वाडीकडे चालू लागल्या.