डोळ्यांमधल्या अंतराएवढा किडा

तारापूरच्या कंपनीत वाफेची लाइन फुटून माझा धाकटा भाऊ भाजला. दवाखान्याच्या धावपळीत, त्याच्या खोलीत काचेच्या पेटीत एक पिल्लू उपाशी बसलंय, याची आम्हाला आठवणच राहिली नाही. बिअर्डेड ड्रॅगन. गळ्याखाली दाढीसारखे काटे असलेला वाळूच्या रंगाचा सरडा, अजून माझ्या तळहातात मावेल एवढा. भावाने फार हौसेने आणला होता. तो जिवंत किडे खायचा आणि मला किड्यांची किळस, म्हणून मी त्या खोलीत पाऊल टाकत नसे.

भावाच्या तोंडात नळी होती. मी भेटायला गेले तेव्हा पट्टीबाहेर राहिलेली दोन बोटं त्याने चादरीवर हळूहळू सरपटत नेली आणि माझ्याकडे बघत राहिला. मला कळलं.

"बरा आहे तो. खातोय," मी म्हणाले.

घरी येऊन पेटीत पाहिलं तर तो डोळे मिटून पडलेला. बोईसरच्या दुकानदाराने पिवळ्या अळ्यांचा डबा हातात दिला. "यही खिलाओ मॅडम, सब खाते हैं." अळ्या उड्या मारत नाहीत, पळत नाहीत. मला तेवढंच बरं वाटलं. त्याने खाल्ल्याही. मग पोट फुगलं, शी बंद झाली आणि मागचे पाय थरथरू लागले.

पालघरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला उलटसुलट बघितलं. "ताई, मी गाईम्हशींचा डॉक्टर. याचं मला खरंच माहीत नाही," ते म्हणाले, पण त्यांनीच मुंबईच्या एका डॉक्टरीणबाईंना फोन लावून दिला.

"अळ्या आधी बंद करा," त्या म्हणाल्या. "त्यांची साल कडक असते, पिल्लाला पचत नाही. कोमट पाण्यात बसवा, पोट हलक्या हाताने चोळा. लहान रातकिडे द्या, कॅल्शियमची पूड लावून. त्याच्या दोन डोळ्यांमध्ये जेवढं अंतर, त्याहून मोठा किडा द्यायचा नाही. आणि बाहेरचे पकडून तर मुळीच नको. फवारणीचं विष पोटात गेलं तर संपलं."

रातकिडे कुरिअरने मागवले. खोका उघडला तर सगळे मेलेले.

त्या संध्याकाळी मी बेटेगावच्या बाजूला एका शेताच्या बांधावर उभी होते. गवतात पाय टाकला की चहूकडे बारीक नाकतोडे उडत होते, अगदी हव्या त्या मापाचे. मी बरणी उघडली. तेवढ्यात पलीकडून पाठीवर फवारणीचा पंप घेतलेला माणूस येताना दिसला. मी बरणी तशीच रिकामी धरून बांधावर बसले आणि रडले. माझ्या डोक्यात दोघांचा जीव एकत्र बांधला गेला होता. हा गेला तर तो जाईल. कुणाला सांगितलं असतं तर वेडी म्हणाले असते, म्हणून सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी वसईला एक जण रातकिडे पाळतो असं कळलं. मी स्वतः गेले. "बारीकातले बारीक द्या," म्हटलं. त्याने जाळीच्या डब्यात अंड्यांच्या पुठ्ठ्यावर बसलेले किडे दिले. परत निघतेय तोच आयचा फोन आला. भावाला ऑपरेशनला नेत होते, जळलेली कातडी काढायला. मी डबा घेऊन तशीच दवाखान्यात गेले.

बाकावर आय बसली होती. गावाहून, मुरब्याहून निघालेली, अंगावर कालचंच लुगडं.

"यात काय हाय गो?"

"रातकिडे. त्याच्या सरड्याला."

मला वाटलं ती ओरडेल. तिने डबा माझ्या हातातून घेऊन मांडीवर ठेवला, वर पदर धरला. "हिते गार हवा लागते. मरतील," म्हणाली. ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडेपर्यंत तिने डबा मांडीवरून हलवला नाही.

डॉक्टर बाहेर आले. "ऑपरेशन नीट झालं. पण आज काही सांगता येणार नाही."

घरी जाऊन मी पहिल्यांदा चिमट्यात किडा धरला. पहिले दोन निसटून पलंगाखाली गेले. तिसरा सरड्याच्या तोंडापुढे धरला. त्याने मान वळवली. मी धरूनच राहिले. "खा रे बाबा. खा ना," मोठ्याने म्हणत होते. बऱ्याच वेळाने जीभ बाहेर आली, किड्याला चिकटली आणि त्याने तो चावला.

पुढे नळी निघाली तेव्हा भावाच्या घशातून आवाज फुटत नव्हता. मी कान जवळ नेला.

"ताय, मेला ना तो? खरं सांग."

"नाय मेला. पण मागचा एक पाय वाकडा झालाय, तो आता तसाच राहील."

त्याने डोळे मिटले. त्याची उजवी मूठ पुन्हा वळेल की नाही, हे तेव्हा आम्हा कुणालाच माहीत नव्हतं.